केमो, केस आणि हसू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. आधी दर तीन आठवड्यांनी एक अशा चार केमो, मग दर आठवड्याला एक अशा बारा. जूनमध्ये सुरू झालेलं हे प्रकरण डिसेंबरात संपलं. त्या सहा-सात महिन्यांत आमच्या घरात रडणं पुष्कळ झालं आणि हसणंही पुष्कळ झालं. हसण्यातला मोठा वाटा केसांचा होता. आता ओळखीत कुणाची केमो सुरू व्हायची असली की मला फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. औषधांबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, हे धरूनच वाचा.

केस नक्की का जातात? सगळ्यांचेच जातात का?

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, आणि केसाच्या मुळाशी बसून केस घडवणाऱ्या पेशीही तशाच. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून औषधाचा फटका जवळजवळ सगळ्यांना एकदम बसतो.

सगळ्यांचे जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन (सलाइनच्या नळीतून येणारं ते लाल औषध), सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांनी बहुधा पूर्ण जातात. कार्बोप्लॅटिन, जेमसिटाबिन, कॅपेसिटाबिन यांनी बऱ्याचदा नुसते विरळ होतात. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या हॉर्मोनविरोधी गोळ्यांनीही थोडे विरळ होऊ शकतात. रेडिएशनने फक्त जिथे किरण देतात तिथलेच केस जातात. आईच्या शेजारच्या खुर्चीतल्या एक काकू स्तनाच्या रेडिएशनने डोक्यावरचे केस जाणार म्हणून महिनाभर धास्तावून होत्या. कुणी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझ्या औषधाने किती जातील?’

कधी जायला लागतात?

पहिल्या केमोनंतर दोन ते तीन आठवड्यांनी. आईचे सोळाव्या दिवशी गेले. त्याआधी दोन दिवस तिचं डोकं हुळहुळं झालं होतं. घट्ट वेणी घालून झोपावं आणि सकाळी सोडताना मुळं ठणकावीत, तसं. उशीला डोकं टेकवेना.

सोळाव्या दिवशी ती न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केसांचा ओला पुंजका होता. नारळाच्या काथ्यासारखा गुंता झालेला, त्यात शिकेकाईचा चुरा अडकलेला. तिने तो ओट्यावर ठेवला आणि समोर स्टुलावर बसून राहिली. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं तरी ती उठली नाही. त्या दिवशी आमच्याकडे कुणीही हसलं नाही, आणि कुणी हसवायचा प्रयत्नही केला नाही. आज मागे बघताना मला वाटतं, त्या दिवशी आम्ही सगळ्यात शहाण्यासारखे वागलो.

दोन गोष्टी आधी करून ठेवा. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी बसवा, नाहीतर पाणी तुंबतं. आणि रात्री घालायला सुती टोपी शिवून घ्या, म्हणजे केस तोंडात, पांघरुणात, ताटात येत नाहीत.

पण अशा गोष्टीवर हसायचं? बरं दिसतं का ते?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वेळी खालच्या आवाजात विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: हसा, पण आधी तिला हसू द्या.

आमच्याकडे तो क्षण चौथ्या दिवशी आला. बाबा चिकटपट्टी उलटी गुंडाळून आईच्या उशीवरचे केस टिपत होते. त्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं, रोज सकाळी आपणहून करायचे. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अहो, लग्नात तुम्ही माझ्या वडलांना म्हणाला होतात, हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. ते वचन तर गेलं. आता बाकीची मी शाबूत आहे, तेवढी सांभाळा.”

बाबांना हसावं की रडावं कळेना. हातात चिकटपट्टी धरून ते तसेच उभे. मग आईच हसायला लागली आणि घरातली हवा एकदम मोकळी झाली. आजारपणात शरीर डॉक्टरांच्या ताब्यात जातं, वेळापत्रक दवाखान्याच्या, जेवण घरच्यांच्या. आपल्या टकलावर काय बोलायचं हे मात्र आईने स्वतःच्या ताब्यात ठेवलं, आणि आम्ही ते तिच्याकडेच राहू दिलं.

ती हसलीच नाही तर?

तर नाही. काहीजणी शेवटपर्यंत हसत नाहीत आणि त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्याशी केसांबद्दल साधं, खरं बोला.

आधीच सगळे कापून टाकावेत का?

बऱ्याच जणींना ते सोपं जातं. लांब केस झडताना जास्त दिसतात आणि जास्त लागतात. आईने केमोच्या आधी खांद्यापर्यंत केले होते, झडायला लागल्यावर उरलेले काढले. लांब केस दान करायचे असतील तर ते केमो सुरू होण्याच्या आधीच कापावे लागतात. अनेक ठिकाणी किमान १२ इंच लागतात, रंगवलेले सगळीकडे घेत नाहीत. आईने आपली वेणी दान केली नाही. पैठणीच्या घडीत ठेवून दिली. ती अजून तिथे आहे.

वस्तरा किंवा ब्लेड वापरू नका. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, छोट्या कापल्यातूनही संसर्ग होऊ शकतो. मशीन फिरवा.

बाबांचा नेहमीचा न्हावी मशीन घेऊन घरी आला. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली, आईच्या खांद्यावर पांढरं कापड टाकलं, आणि वीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, “मावशी, साइडला थोडे ठेवू?” बोलून बसला आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला. आई म्हणाली, “ठेव की. आणि मागून बारीक मार, यांचे मारतोस तसे.” मशीन चालू व्हायच्या आधी दोघं मनसोक्त हसले. पैसे घेईना. आईने बळेच दिले. म्हणाली, “पुढच्या वर्षी फुकट कर. तेव्हा जास्त काम असेल.”

घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, सवाष्णीने डोकं मोकळं करू नये. काय सांगायचं?

या प्रश्नावर मी थोडी थांबणार आहे, कारण इथे दुखतं फार आणि बोललं फार कमी जातं.

माझ्या आत्याने गावाहून फोन केला. रडत होती. “वहिनी, दादा जिवंत आहे, आणि तुझा गोटा!” आत्याचं मन वाईट नाही. तिने लहानपणी स्वतःच्या आजीला विधवेच्या लाल आलवणात, केस काढलेलं बघितलं होतं. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांमागे बाईचं तुळतुळीत डोकं म्हणजे वैधव्य, आणि तेही जबरदस्तीचं. त्याविरुद्ध सत्यशोधक चळवळीतल्या माणसांनी काम केलं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. इतका मोठा इतिहास आत्याच्या त्या एका हुंदक्यात होता.

म्हणून आईने तिला झिडकारलं नाही. म्हणाली, “अगं, तेव्हा नवरा गेला म्हणून केस काढायचे. माझे केस गेलेत ते नवऱ्याजवळ राहायचं म्हणून.” आत्या गप्प झाली. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः आली, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. आईच्या कपाळाला कुंकू लावताना तिचा हात सवयीने भांगाकडे गेला. भांग कुठे शोधायचा? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की करंडा सांडला. आईच्या डोक्यावर कुंकवाचा सडा. बाबांनी आतून विचारलं, काय झालं? आत्या म्हणाली, “काही नाही दादा, यंदा वहिनीचा भांग टाळूभर भरलाय.”

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना औषधाचं नाव सांगा, केस परत येतात हे सांगा, आणि जमलं तर समोरासमोर भेटवा. फोनवर जे भयानक वाटतं ते शेजारी बसून तितकं वाटत नाही.

रस्त्यात लोक बघतात, विचारतात. तेव्हा?

आपल्याकडे टक्कल दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘बालाजीला जाऊन आलात वाटतं?’ मंडईतल्या भाजीवालीने विचारलं, “काय ताई, तिरुपती का? लाडू कुठाय आमचा?” आई म्हणाली, “लाडू वाटेतच संपला गं. तू कोथिंबीर दे.” दोन महिन्यांनी तिने खरं सांगितलं. त्या दिवसापासून भाजीवाली पिशवीत एक लिंबू जास्त टाकू लागली, मळमळीला बरं म्हणून.

सांगायचं नसेल तर ‘बरं आहे’ एवढं पुरे. सगळ्यांना खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही. आईने बसमधल्या अनोळखी माणसांसाठी ‘हो, बालाजी’ हे उत्तर ठरवून टाकलं होतं. तिच्या मते बालाजीला त्यात आक्षेप असायचं कारण नव्हतं, कारण ती बरी झाल्यावर जाणारच होती. आणि गेली.

विग घ्यावा का?

घ्यावासा वाटला तर नक्की घ्या. न घेण्यातच शूरपणा आहे असं कुणी भासवत असेल तर ऐकू नका. केस जायच्या आधीच दुकानात जा, म्हणजे रंग आणि भांगाची बाजू जुळवता येते. खऱ्या केसांचे महाग असतात पण वर्षानुवर्षं टिकतात. तिरुमलाला भाविक जे केस वाहतात त्यांचा देवस्थान लिलाव करतं आणि ते विगसाठी जगभर जातात. आईला हे कळल्यावर फार बरं वाटलं होतं, कुणाचा तरी नवस आपल्या डोक्यावर येऊ शकतो म्हणून.

तिने मात्र कृत्रिम धाग्यांचा घेतला. हलका, स्वस्त, धुवायला सोपा. त्याची एक अडचण आधीच सांगते: उष्णता. गॅसजवळ वाकलात, कुकरचं झाकण उघडलंत, तर समोरच्या बटा आकसून खरखरीत होतात. आमच्याकडे फोडणीने तो बळी घेतला. आईला वास आला, तिला वाटलं मोहरी जळली. आरशात बघितलं तर कपाळावरची बट आखडून गाठीसारखी झालेली. स्वयंपाकघरात विग नको, सुती फडकंच बांधा.

त्या विगला घरात ‘पाहुणी’ म्हणायचे. लग्नाला, बँकेत जाताना पाहुणी बरोबर. एरवी ती कपाटावर रव्याच्या स्टीलच्या डब्यावर बसलेली. “आज पाहुणीला न्यायचं का?” “नको, फार उकडतंय. बसू दे तिला डब्यावर.” केसाबद्दल बोलायला लागलं तर घशात आवंढा यायचा. पाहुणीबद्दल बोलायला कुणालाच जड जायचं नाही.

घरी सगळ्यात उपयोगी पडलं ते जुनं सुती लुगडं. वर्षानुवर्षं धुवून मऊ झालेलं. त्याचे चार रुमाल झाले. रेशमी किंवा नायलॉनचं फडकं टकलावरून घसरतं.

भुवया आणि पापण्यांचं काय? त्याबद्दल कुणी बोलत नाही.

खरं आहे. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांनी भुवया-पापण्याही जाऊ शकतात, आणि बऱ्याचदा डोक्यावरच्या केसांनंतर, म्हणजे आता सगळं झालं असं वाटत असताना. पापण्या नसल्या की डोळ्यात धूळ जाते, पाणी येतं. बाहेर जाताना चष्मा घाला. नाकातले केस गेले की नाक सूचना न देता गळतं. रुमाल हाताशी असू द्या. आई पोथी वाचायला बसली की पानावर थेंब पडायचा आणि सगळ्यांना वाटायचं ती भक्तीने सद्गदित झाली आहे. शेजारच्या काकूंनी तर नमस्कार केला. आईने त्यांचा गैरसमज मुद्दाम दूर केला नाही.

भुवया पेन्सिलने काढता येतात. जायच्या आधी चेहऱ्याचा जवळून फोटो काढून ठेवा, म्हणजे आकार आणि जागा कळते. आईच्या भुवया माझी भाची काढायची. एकदा जरा वर काढल्या आणि आई दिवसभर आश्चर्यचकित दिसत होती. बाबा काहीही बोलले तरी समोरून आश्चर्य. ते म्हणाले, “चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम झाला.”

डोक्याला थंड टोपी लावून केस वाचतात म्हणे?

काही जणांचे वाचतात. केमो सुरू व्हायच्या सुमारे अर्धा तास आधीपासून ते संपल्यावर तास-दीड तास किंवा जास्त वेळ डोकं थंड ठेवतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. अमेरिकेत अशा यंत्राला पहिली मान्यता २०१५ मध्ये मिळाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत निम्म्या ते दोन-तृतीयांश स्त्रियांचे केस बऱ्यापैकी राहिले. लाल औषधापेक्षा पॅक्लिटॅक्सेलच्या गटात ती जास्त उपयोगी पडते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरत नाहीत. थंडी सोसावी लागते, डोकं दुखतं, खर्च वेगळा. घरचा बर्फ डोक्यावर बांधू नका, त्वचा भाजल्यासारखी होते.

पुरुषांनाही याचं वाईट वाटतं का?

वाटतं, आणि ते सांगत नाहीत. ‘पुरुषाला काय, टक्कल शोभतंच’ असं म्हणून आपण त्यांचं तोंड आधीच बंद करतो. केमोच्या खोलीत एक काका होते. डोक्यावरचे आधीच कमी होते, पण मिशी भरघोस, पीळ दिलेली. ती गेली तेव्हा ते तोंडावर रुमाल धरून बसायचे. आईने विचारलं, दाढ दुखते का? त्यांनी रुमाल काढला आणि म्हणाले, “ताई, घरची मांजरसुद्धा ओळखत नाही.” सगळी खोली हसली, तेही हसले, आणि रुमाल खिशात गेला तो परत बाहेर आला नाही.

लहान मुलांना कसं सांगायचं?

आधी सांगा. अचानक दिसलं तर मुलं घाबरतात. तीन वाक्यं पुरतात: आजीला बरं करणारं औषध फार कडक आहे. त्याने केस पडतात पण परत येतात. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, तू तिला मिठी मारू शकतोस.

माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. त्याने आजीच्या डोक्यावरून हात फिरवला, नीट चाचपलं, आणि म्हणाला, “आजी, तू नारळ झालीस. पण नारळाला शेंडी असते. तुझी कुठाय?”

मी ओरडणार होते. आईने मला हातानेच थांबवलं आणि त्याला म्हणाली, “शेंडी काढलेला नारळ देवाला चालत नाही, माहितेय ना? म्हणून तर देव मला एवढ्यात नेणार नाही.”

त्याला ते अगदी पटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळ्याला पदर लावावा लागत होता. मरणाचा विषय आमच्या घरात पहिल्यांदा उघड निघाला तो असा, एका पाच वर्षांच्या मुलाच्या आणि नारळाच्या निमित्ताने. त्या रात्री जेवताना आम्ही मोठी माणसं पहिल्यांदा आईशी तिच्या भीतीबद्दल बोललो.

सोबत म्हणून घरच्यांनीही गोटा करावा का?

विचारून करा. काहींना आधार वाटतो, काहींना अपराधी. माझा भाऊ आईला अचानक सुखद धक्का द्यायला म्हणून गोटा करून आला. आईच्या पोटात गोळाच आला. तिला वाटलं, यालाही झालं.

कोणते विनोद दुखावतात?

‘शाम्पूचा खर्च वाचला’ हे आई म्हणाली तर विनोद, भेटायला आलेली एखादी बाई पेढ्याचा पुडा पुढे करत म्हणाली तर टोचणी. वाक्य तेच आहे. खलनायकाशी तुलना, टकलावर टपली, न विचारता काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं, ‘तुला केसांचं काय पडलंय, जीव वाचतोय ना’ असा हसत दिलेला उपदेश, या सगळ्याने आई दिवसभर कोमेजायची.

आणि एक गोष्ट अशी घडली जिचा विनोद कधीच झाला नाही. एका तपासणी केंद्रात रांगेत तिला कुणीतरी ‘आजोबा, पुढे या’ म्हणालं. आई पुढे गेली, तपासणी करून घेतली, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर आम्ही अनेक गोष्टी आठवून हसलो. ही कुणी काढत नाही. तुमच्या घरातही अशी एखादी असेल. तिला हात लावू नका.

हसण्याने कॅन्सर बरा होतो का?

नाही. तो औषधाने, शस्त्रक्रियेने, किरणांनी बरा होतो. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आज तो देशोदेशी पोचला आहे, आणि तिथे जाऊन पुष्कळांना मोकळं वाटतं. मोकळं वाटण्याचं मोल मला ठाऊक आहे. पण ‘सकारात्मक राहा, हसत राहा, बरी होशील’ असं आजारी माणसाला म्हणणं म्हणजे गाठ वाढली तर दोष त्याच्या मनाच्या माथी मारणं. मला या वाक्याचा मनापासून राग आहे.

हसण्याआड काही लपत नाही ना, हेही बघा. केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्र असो की सण, लगेच दवाखान्यात फोन. आणि दिवसभर विनोद करणारं माणूस रात्र रात्र झोपत नसेल, जेवत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

केस परत कधी येतात? आणि वेगळे येतात हे खरं का?

शेवटच्या केमोनंतर तीन ते सहा आठवड्यांत लव दिसते, दोन-तीन महिन्यांत ज्याला केस म्हणावं असं काही. मग महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर. काहींचे केमो चालू असतानाच डोकं वर काढतात.

वेगळे येतात हे अगदी खरं. सरळ केसांची माणसं कुरळी होतात, काळ्यात करडा रंग येतो, पोत बदलतो. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात मूळपदावर येतं. काही नव्या औषधांच्या तऱ्हा आणखी निराळ्या: सुनिटिनिबने केस पांढरे पडू शकतात, सेटुक्सिमॅब आणि एर्लोटिनिबने पापण्या लांब वाढून वळतात, कापाव्या लागतात.

आईचे केस साठ वर्षं सरळसोट होते. फेब्रुवारीत ते मेंढीच्या कोकरासारखे कुरळे आले. मामा भेटायला आला, दारातच थबकला आणि म्हणाला, “ताई, हे तर जावळ! आपला मामा आता नाही, मीच मांडी देतो. बस, उरकून टाकू.” आई म्हणाली, “गोळ्यांनी माझं वजन सात किलो वाढलंय. आधी तुझी मांडी राहते का बघ.” मामाने खरंच पाट मांडला, मांडी घातली आणि आईच्या कानामागची एक बट कात्रीने नखाएवढी कापली. वहिनीने औक्षण केलं. ती बट आईने वेणीशेजारी ठेवली आहे.

कांद्याचा रस, तेल, गोळ्या? आणि पुन्हा गोटा केला तर दाट येतात का?

गोटा केल्याने दाट येत नाहीत. केस मुळात तयार होतो, कात्रीला त्याची वाढ ठरवता येत नाही. कांद्याचा रस हुळहुळ्या त्वचेला झोंबतो. साधं खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. बायोटिनच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्या चुकीच्या दिसू शकतात. केस वाढवायला लावतात ते मिनॉक्सिडिलही डॉक्टरांना विचारूनच. रंग लावायला साधारण सहा महिने थांबा, आणि आधी कानामागे लावून बघा.

परत आलेच नाहीत तर?

क्वचित असं होतं, जास्त करून डोसेटॅक्सेलनंतर किंवा मेंदूला मोठ्या मात्रेत रेडिएशन दिल्यावर. सहा महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ‘जीव वाचला ना’ या वाक्याने हे दुःख मिटत नाही, तेव्हा ते म्हणू नका.

गजरा कधी माळता येईल?

हा प्रश्न मला एकीनेच विचारला, पण तो वगळवत नाही, कारण आईनेही पहिल्या दिवशी डॉक्टरांना हाच विचारला होता.

केमोच्या वर्षी गौरी आल्या तेव्हा आईचं डोकं अगदी तुळतुळीत होतं. नेहमीप्रमाणे तीन गजरे आणलेले, दोन गौरींना आणि एक तिला. चुकून आणला होता, सवयीने. मी तो लपवायला गेले, तिने हातातून घेतला आणि थोरल्या गौरीला दुसरा माळला. मुखवट्याला म्हणाली, “यंदा माझाही तुझ्याकडे ठेव. पुढच्या वर्षी मोजून परत घेणार.”

पुढच्या वर्षी केमो संपून नऊ महिने झाले होते. केस जेमतेम चार इंच, कुरळे, कुठल्याही दिशेला जाणारे. आत्याने सहा पिना आणि एक काळं रबर लावून गजरा बसवला. पुरण वाटताना तो सुटला आणि थेट परातीत पडला. आईने उचलला, पुरण झटकलं, हुंगला, आणि आत्यापुढे मान वाकवून म्हणाली, “लाव परत. अजून दोन पिना घाल.”